रिकामी दोरी

मी एक जुना कमठा आहे, मित्रांनो. तीरकमठा म्हणतात ना, त्यातला कमठा. मालवणजवळच्या एका वाडीत, समुद्राची गाज ऐकू येते अशा कौलारू घराच्या पडवीत, भिंतीच्या दोन खुंट्यांवर मी आडवा पडून असतो. लांबून पाहाल तर म्हणाल, काय देखणा आहे! पाठ तांबूस, पोट काळंभोर, मूठ हातांनी घासून गुळगुळीत झालेली. पण जवळ आलात तर खालच्या पातीवर, म्हणजे मुठीखालच्या वाकणाऱ्या भागावर, चिकटवल्याचा मोठा व्रण दिसेल. दोरी दिसणार नाही. ती काढून ठेवली आहे आणि पुन्हा कधी चढणार नाही.

माझा जन्म इथला नव्हे. सातासमुद्रापलीकडच्या एका थंड गावात, एका म्हाताऱ्या कारागिराच्या कारखान्यात मी घडलो. त्याच्या तरुणपणी तिकडचे बहुतेक कमठे एकाच लाकडातून तासलेले असत. ओल्या हवेत ते मऊ पडत, कडाक्याच्या थंडीत तडकत. मग त्याच्यासारख्या काही वेड्या माणसांनी डोकं चालवलं. लाकडाच्या पातळ पट्ट्या घेतल्या, दोन्ही अंगांना काचेच्या तंतूंच्या पट्ट्या चिकटवल्या, साच्यात दाबल्या आणि भट्टीत शेकल्या. किती कमठे हातात फुटले असतील, देव जाणे. माझ्या कारागिराच्या भुवईवर तशाच एका फुटलेल्या कमठ्याची खूण होती. ती तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचा.

आकार मात्र त्यांनी जुनाच घेतला, आपल्या आशियातल्या घोडेस्वारांचा. माझी दोन्ही टोकं पुढे, तीर जातो त्या दिशेला वळलेली आहेत. त्यामुळे दोरी चढवायची तर मला माझ्या वळणाच्या विरुद्ध वाकवावं लागतं. मी त्याला मनापासून विरोध करतो आणि त्या विरोधातूनच तीर लांब जातो. नवख्या माणसाला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं, टोकं जिकडे वळलीत तिकडेच वाकवायचं. मित्रांनो, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

मी दुकानात लागलो तोवर दिवस बदलले होते. धातूच्या मुठीचे, पात्या सुट्या करता येणारे कमठे आले. नेम धरायला काटे, तोल सांभाळायला लांब दांडे आले. पुढे तर कुणी टोकांना चाकंही बसवली! माझ्याकडे कोण बघतो? मी खिडकीत धूळ खात पडलो. एके दिवशी बंदरात लागलेल्या बोटीवरचा एक तरुण खानसामा दुकानात शिरला आणि त्याने बाकी काही न पाहता माझी मूठ धरली. तो जासिंत. घरी नेण्यासाठी लोक रेडिओ घेत, साबण घेत, अत्तरं घेत. हा गडी मला घेऊन आला.

त्याची बायको फ्रान्सिस्का कपाळाला हात लावून म्हणाली होती, "ह्या काय हाडलंस रे? माकडां मारूक?"

पण तिनेच मला गुंडाळायला आपली जुनी चादर फाडून दिली. जासिंत देवळातल्या, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या, उरलेल्या मेणबत्त्यांचं मेण माझ्या दोरीला चोळायचा. गोणपाटात नारळाची सोडणं ठासून भरायची, ते गोणपाट सुरूच्या झाडाला बांधायचं आणि संध्याकाळी वाळूवर उभं राहून तीर सोडायचे, हा त्याचा सुट्टीतला नेम. शेजारचा शंकर, दशावतारात पखवाज वाजवणारा, त्याचा जिवलग. शंकर तीर गोळा करून आणायचा आणि चुकलेल्या तीरावर टिंगल करायचा. एकदा त्याने टांगलेला नारळ फोडण्याची पैज लावली. नारळ पहिल्याच तीराला फुटला आणि शंकरला मिशा उतरवाव्या लागल्या. 'जासिंताचो कमठो' असं माझं नाव पंचक्रोशीत झालं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

जासिंत नोकरी सोडून कायमचा घरी आला, फ्रान्सिस्का वारली, मुलगी स्टेला लग्न होऊन मडगावला गेली. तीर सोडणं कमी होत होत थांबलं. मी खुंट्यांवर चढलो. कोळी माझ्यावर जाळं विणायचा आणि जासिंत दर रविवारी प्रार्थनेहून आला की ते पुसायचा.

मग ग्लेनिशा आली. स्टेलाची मुलगी. सुट्टीत आजोळी आली की आधी माझ्याकडे धावायची. आजोबांना ती शापाय म्हणते, त्यांच्याकडची तशी रीत आहे. शापाय मला खाली काढायचे, दोरी चढवायचे आणि ती दात-ओठ खाऊन ओढायची. पहिल्या वर्षी दोरी जेमतेम हलली. पुढच्या वर्षी कोपरापर्यंत आली. जासिंतने तिला शब्द दिला होता.

"दोरी हनवटीक लागली काय कमठो तुजो."

आणि एक शिस्त लावली होती. तीर न लावता दोरी ओढली तर ती तशीच सोडायची नाही. तीर नसला की सगळा जोर माझ्याच अंगात परत येतो आणि माझ्या पात्या फुटतात. म्हणून ओढलेली दोरी हळूहळू परत आणायची. ग्लेनिशाचे हात थरथरू लागले की तो म्हणायचा, "रिकामी सोडू नको गो. सावकाश परत हाड." ती ओठ चावत दोरी परत आणायची. एकदाही तिने रिकामी दोरी सोडली नाही.

गेल्या मे महिन्यात दोरी हनवटीपासून चार बोटांवर राहिली. ती रडली. जासिंत तेव्हा हसला, पण ती गेल्यावर बराच वेळ माझ्याजवळ उभा होता. त्याची नजर मंदावत चालली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, आहे ती जपा, गेलेली परत येणार नाही. नातीची दोरी हनवटीला टेकलेली या डोळ्यांनी बघायची, एवढीच त्याची इच्छा उरली होती. नाताळला ती येणार होती. मडगावात खिडकीच्या गजाला सायकलची ट्यूब बांधून ती रोज ओढते, असं तिने फोनवर सांगितलं होतं.

नाताळ जवळ आला आणि एका दुपारी शंकर पडवीत येऊन बसला.

"जासिंता, सत्यनारायणाक आमचा नाटक आसा, सीतास्वयंवर. धनेश पयल्यांदा राम जातलो." धनेश हा त्याचा मुलगा, तो रामाचं काम करणार होता. "आमच्या बांबूच्या धनुष्याक कोण हात जोडणत नाय रे. तुजो कमठो देतलंस? एका सांजेपुरतो."

"घेवन जा," जासिंत म्हणाला. "भिंतीर पडान तरी तो काय करता?"

बेत साधा होता. राजेलोक मला उचलायला जाणार आणि घाम पुसत परत फिरणार. मग रामाने मला उचलायचं, दोरी चढवायची आणि पडद्याकडे वळायचं. तिथे माझ्या जागी बांबूचं धनुष्य त्याच्या हातात द्यायचं. ते आधीच मधोमध कापून सांधलेलं असे, ते कडाड् मोडायचं. मला धक्काही लागणार नव्हता. खरं सांगू? मीही हरखलो होतो. किती वर्षांनी माणसं माझ्याकडे बघणार होती!

नाटकाच्या संध्याकाळी धनेश मला न्यायला आला तो धावतच. टेम्पो रस्त्यावर उभा होता आणि हॉर्न वाजवत होता. जासिंतने मला खाली काढलं.

"थांब रे, दोरी कशी बांधूची ती दाखयतंय."

"काका, येळ झालो. टेम्पोवालो बोंबलता. तोंडानच सांगा."

"बरा, मगे आयक. दोरी बांधताना तेका उलटो कर. इसारलंस तर मोडात."

"उलटो. समाजला," धनेश म्हणाला आणि मला घेऊन पळाला.

मित्रांनो, आपल्या बोलीत 'उलटो' हा शब्द दोन वाटांनी जातो. जासिंतच्या मनात होतं, वळणाच्या उलट वाकव. धनेशच्या मनात बसलं, वरचं टोक खाली कर. बिचाऱ्याने टेम्पोत बसल्या बसल्या शब्द घोकून पाठ केला होता. त्याच्याइतकं मन लावून कुणी चूक केली नसेल.

मांडव भरला होता. जासिंत पुढच्या खुर्चीवर होता. पखवाज घुमत होता, झांज वाजत होती, राजे हरून गेले. मुकुट घातलेला धनेश माझ्यासमोर आला, त्याने मला नमस्कार केला आणि उचललं. मग त्याने मला उलटं केलं. डोकं खाली, पाय वर. मूठ त्याच्या तळव्याला बोचली असणार, पण त्याला वाटलं हे असंच असतं. आणि माझी टोकं जिकडे वळली होती, तिकडेच त्याने मला वाकवलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. दोरी खोबणीत नीट बसेना, तरी त्याने ती ओढून बसवली. पखवाज चढत गेला. लोक टाळ्यांचा ताल धरू लागले. आता धनेशला पडदा आठवला नाही, बांबूचं धनुष्य आठवलं नाही. तो राम झाला होता. त्याने दोरी छातीपर्यंत खेचली.

माझी खालची पाती फुटली. लाकूड आणि काच एकमेकांपासून सुटली. म्हाताऱ्या कारागिराने शेकून एकजीव केलेलं अंग एका क्षणात दोन झालं.

आणि मांडवात एकच जल्लोष उठला! "शिवधनुष्य मोडलां!" बायकांनी हात जोडले. कुणी फुलं उधळली. आजवर इतका खरा आवाज कुणी ऐकला नव्हता. पखवाज मात्र थांबला होता. शंकरला उमगलं होतं.

जासिंतला मंचावर फक्त रंग हलताना दिसत होते, पण तो आवाज त्याने ओळखला. मी त्याच्याकडे बघत होतो. तो अर्धवट उठला, पुन्हा बसला. मुकुटाखाली धनेशचा चेहरा पांढराफटक पडलेला, सीता हार घेऊन खोळंबलेली. अख्खा गाव बघत होता. मग जासिंतने हात वर केले आणि टाळ्या वाजवल्या. शंकरने ते पाहिलं आणि मान खाली घालून पखवाजावर थाप मारली. नाटक पुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक मला चादरीत घालून घेऊन आले. धनेश उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काका, तुमी सांगलास तसाच केलंय. उलटो करूनच बांधलंय." आणि तो लहान पोरासारखा रडला.

जासिंतने माझ्या अंगावरून बोटं फिरवली, चीर चाचपली. त्याला सगळं कळलं.

"तुजी चूक नाय रे," तो म्हणाला. "सबद माजो होतो."

धनेशने मला फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने चिकटद्रव्य ओतून, आवळून मला जोडलं आणि परत देताना बजावलं, "भिंतीर टांगूक बरो. ओढूक नाय. ओढणाऱ्याच्या तोंडार फुटात."

म्हणून माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुन्या वस्तूला हात घालण्याआधी थांबा. तिच्या जाणत्या माणसाला नुसतं विचारू नका, त्याला करून दाखवू द्या. टेम्पो हॉर्न वाजवत असला तर वाजवू द्या. माझ्या बाबतीत कुणी दुष्टपणा केला नाही, सगळी माझी माणसं होती, प्रेमाने वागणारी होती. तरी मी मोडलो. याचंच मला फार वाईट वाटतं.

नाताळच्या आदल्या दिवशी ग्लेनिशा आली. पिशवी खाली न ठेवताच माझ्यापाशी धावली आणि थबकली.

"शापाय, दोरी खंय आसा?"

जासिंतने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. त्याने सगळं सांगितलं, धनेशचं नाव न घेता. ती ऐकत राहिली आणि मग ओरडली, "तुमी दिलास कित्याक? तो माजो होतो!"

"होय," जासिंत म्हणाला. "तुजोच होतो."

ती आत निघून गेली. घरात खतखत्याचा, भाज्या-कंदांच्या त्या रश्श्याचा, वास होता आणि अंगणात चांदणीचा कंदील टांगला होता. उन्हं उतरल्यावर ती बाहेर आली. डोळे सुजले होते. तिने मला खुंट्यांवरून काढलं आणि आजोबांपुढे उभी राहिली.

"दोरी नाय तर नाय. बघा तरी."

तिने माझी मूठ डाव्या हातात धरली आणि मला समोर उचललं. उजव्या हाताची बोटं तिथे नसलेल्या दोरीत अडकवली. मग ती ओढू लागली. दंडाला पीळ पडला, मान ताठ झाली, श्वास रोखला गेला. ट्यूब ओढून कमावलेला सगळा जोर तिने त्या रिकाम्या हवेत लावला. जासिंत अगदी जवळ गेला. तेवढ्यावरूनही त्याला नीट दिसेना, म्हणून त्याने चाचपडत तिच्या कोपराला हात लावला, तिथून मनगटाला, तिथून बोटांना. बोटं हनवटीला टेकली होती.

"लागली," तो म्हणाला. "लागली गो, बाय."

आता ती बोटं सोडेल आणि माझ्यावर डोकं टेकून रडेल, असं मला वाटलं. दोरी नव्हती, तीर नव्हता, माझ्यात फुटायचं काही उरलं नव्हतं. पण तिने बोटं सोडली नाहीत. थरथरणारा हात तिने हनवटीपासून हळूहळू, अगदी सावकाश, माझ्यापर्यंत परत आणला.