देठाकडची चकती

हिर्डोशीत माझ्या आईची जीभ नावाजलेली होती, आणि ती फक्त भांडणासाठी नव्हे. काकडी, दोडका, दुधी, काहीही चिरायला घेतलं की आधी देठाकडची चकती कापायची, जिभेच्या टोकाला लावायची, थुंकायची आणि मगच पुढचं. शेजारच्या चंद्राबाई आपला दुधी घेऊन यायच्या, "बाळाबाई, बगा जरा" म्हणून. कडू दुधी पोटात गेला तर माणूस आडवा होतो, हे आमच्याकडे शाळेत न जाताही सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या आईचं तोंड श्रावणापासून कडूजार पडलं. पाणी कडू, चहा कडू, उठल्यावर थुंकीसुद्धा कडू. ज्याला विचारावं त्याच्याकडे कारण तयार. चंद्राबाई म्हणाल्या, पित्त. मामा म्हणाला, कावीळ असंल. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, लिंबू उतरवा. आणि मी, सुलक्षणा, भोरला मेडिकलच्या काउंटरवर नऊ वर्षं उभी राहून अर्धी डॉक्टर झालेली, फोनवरच म्हणाले, "बीपीच्या गोळीनं होतं तसं. तोंड कोरडं पडतं. पाणी पीत जा." एसटीच्या कंडक्टरबरोबर पित्ताच्या गोळ्यांची पट्टी पाठवली आणि मोकळी झाले. स्वतः जाऊन "आ कर बघू" म्हणायला मला सवड नव्हती. खरं सांगायचं तर कंटाळा होता.

दिवाळीत गेले. आमटीचा पहिला भुरका मारला आणि ठसकाच लागला, एवढं मीठ. मी बोलणार तेवढ्यात शेजारी बसलेल्या आबांनी माझा गुडघा दाबला. आबा म्हणजे माझे वडील, भातात खडा लागला तर ताट सरकवणारा माणूस. चाळीस वर्षांत आईच्या स्वयंपाकाला त्यांनी एकदाही चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तेच आबा वाटी पुसून म्हणाले, "ब्येस झालीया. वाढ आनखी."

नंतर गोठ्यात मी त्यांना गाठलं.

"तिला चव कळंना झालीया," आबा म्हणाले. "आदीच निम्मी झाली. म्या नावं ठिवली तर चुलीपाशी बसायची न्हाई ती. तू गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. उलट मला गंमतच वाटली. उतारवयात का होईना, म्हातारा बायकोवर भाळला, म्हणून परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते. त्या हसण्याची आठवण झाली की आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तुळशीच्या लग्नानंतर आठवडाभरानं आईनं गोठ्यावरच्या वेलाचा दुधी काढला. सवयीनं चकती जिभेला लावली. कडू लागली. पण तिला सगळंच कडू लागत होतं, मग त्या चकतीचं काय ऐकायचं? तिनं भाजी केली. स्वतः दोन घास ताकभात खाल्ला, कारण दुसरं काही तिच्या घशाखाली उतरतच नव्हतं. आबांनी भाजी दोनदा मागून घेतली.

तासाभरात ओकाऱ्या सुरू झाल्या, मग रक्त पडायला लागलं. गावातल्या फुरकानच्या टेम्पोत घालून गावकऱ्यांनी त्यांना भोरला आणलं. मी दवाखान्याच्या दारातच उभी होते. आबांनी मला ओळखलं. सलाईन लावली, पुण्याला हलवायची तयारी झाली, आणि त्याआधीच सहा वाजता आबा गेले.

काय खाल्लं होतं ते ऐकून डॉक्टर म्हणाले, "असा दुधी पहिल्या घासाला थुंकतो माणूस. एवढी भाजी खाल्लीच कशी त्यांनी?"

"कडू नव्हताच त्यो," आई ठामपणे म्हणाली. "असता तर ताट फेकलं असतं तेंनी. माझा नवरा चिमटीभर मिठाला सोडत न्हवता. मागून घितली भाजी, मागून."

तेवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती. आलागेला प्रत्येक जण तिच्याकडून तेच ऐकून जायचा, की दुधी चांगला होता, काळजानंच दगा दिला असणार. मला खरं माहीत होतं. मी मान खाली घालून बसायचे.

दहावं झाल्यावर मी तिला भोरला आणलं आणि आमच्या दुकानासमोरच्या दातांच्या डॉक्टर गुलनाजकडे नेलं. गुलनाजनं तिच्या तोंडात बॅटरी मारली आणि दोन मिनिटांत सांगितलं, "मावशी, मागची दाढ मुळाशी सडलीय. हिरडीतून सारखा पू झिरपतोय, तोंड कडू पडणारच." श्रावणापासून ही दोन मिनिटं मी तिला दिली नव्हती. दाढ काढली, हिरडी साफ केली, औषधं झाली आणि हळूहळू आईला चव येऊ लागली. मी तिला घेऊन हिर्डोशीला परतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं भाकरी थापल्या आणि फळीवरची लसणाच्या चटणीची बरणी काढली. त्या आजारात कुटलेली चटणी होती ती. आबा रानात जाताना रोज न्यायचे. बरणी तळाला गेली होती. आईनं वाटीत चटणी काढली, भाकरीचा तुकडा लावून तोंडात घातला आणि चावता चावता थांबली.

"ह्ये खात हुते?"

मी मान डोलावली.

"आन् आमटी? कालवण? समदं असंच व्हतं?"

"व्हय."

"तुला ठावं व्हतं?"

"दिवाळीत कळलं. आबांनी गप बसवलं मला. तुला वाईट वाटंल म्हणून."

आईनं तो घास गिळला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"जल्मभर बोलला मेला," ती म्हणाली. "मीठ लई, तिखट लई, करपलं, कच्चं ऱ्हायलं. आन् ज्या दिशी बोलाय पायजे व्हतं त्या दिशी ग्वाड बोलला."

तिनं भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि चटणीत बुडवला. मग तिसरा. नुसतं मीठ होतं ते. मी वाटी काढून घ्यायला गेले, पण तिनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि खात राहिली.