घोडीचा होकार

आमची घोडी मान हलवायची ती उन्हानं. समुद्रपूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मला तसं सांगितलं होतं. तोंडातली नस दुखते, ऊन लागलं की कळ निघते, म्हणून ती मान वर-खाली झटकते. औषध नाही म्हणाले. सावलीत ती गप्प उभी राहायची. हिवाळ्यात तर कोणाला कळलंही नसतं.

मी गिरडचा टांगेवाला. दर्ग्याला येणाऱ्या लोकांना न्यायचं-आणायचं हे माझं काम. एकोणऐंशीच्या चैत्रात घोडीचं हे सुरू झालं. त्याच महिन्यात माझी बायको सुलोचना अंथरुणाला लागली.

एका दुपारी एका बाईनं घोडीला थट्टेत विचारलं, "काऊन वं, माह्या पोरीचं लगन जमते का नाई?" घोडीनं मान हलवली. लग्न जमलं. मग लोक घोडीला विचारायलाच येऊ लागले. मान वर-खालीच हलायची, त्यामुळे सगळ्यांनाच होकार मिळायचा. टांग्यात मात्र कोणी बसेना. तिच्या झटक्यांनी टांगा हिसके खायचा.

वैशाखात सुलोचना गेली.

शेजारचा ताराचंद म्हणाला, "पुसात विकून टाक. थंडीत कोणाले समजते?"

"अन् उन्हाळ्यात तो माणूस माह्या दारी आला तं?"

"लेका, उन्हाळ्यापर्यंत कोण जगते, कोण मरते!" असं बोलून गेला आणि खाली पाहू लागला.

मी विकली नाही. पुढच्या चैत्रात हिंगणीचा चंद्रभान आला. दोन दिवस बैलगाडी हाकत आला होता. गाडीत ताडपत्रीखाली त्याची बायको लीलाबाई निजलेली. हात काडीसारखे झाले होते. त्यानं घोडीला उन्हात आणून विचारलं, लीला बरी होईन का. घोडीनं मान हलवली.

"मले ही इकत द्या," तो म्हणाला. "घरी राहीन तं लीला रोज इचारीन."

मी त्याला नसेचं सांगितलं.

"डॉक्टराले काय समजते?" तो म्हणाला. "माह्या बायकोलेही ते नाईच म्हणून राह्यले."

मग जे मी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "भाऊ, मीही इचारलं होतं इले. माही बायको बरी होईन का म्हणून. तीनदा इचारलं. तीनदा हो म्हणे. अठराव्या दिवशी बायको गेली."

तो तिथंच धुळीत बसला. म्हणाला, "घोडी हो म्हणे, हे तुह्या बायकोले माहीत होतं?"

"मीच सांगितलं."

"मंग?"

"त्या दिवशी तिनं भाकर मागून खाल्ली."

चंद्रभान उठला, धोतर झटकलं. "द्या घोडी," तो म्हणाला. "मले सांगितलं ते लीलाले नोका सांगू."

मी घोडी गाडीच्या मागं आणून उभी केली. लीलाबाईनं ताडपत्री सारली.

"भाऊ, ही घोडी खोटं तं नाई बोलत नं?"

चंद्रभान माझ्याकडे पाहत होता.

"नाई बाई," मी म्हणालो.

मी चंद्रभानला बाजूला घेतलं. "आता ऊन आहे. दिवस कलल्यावर निंघजा. तोंडावर गोणपाट बांधजा, म्हणजे तिले त्रास होत नाई."

"मंग मान हलवीन का?"

"नाई."

त्यानं मान फिरवली. "तं नोका बांधू. लीलाले दिसलं पाह्यजे."

दावं अजून माझ्या हातात होतं. मी नाही म्हणू शकलो असतो. घोडी अकरा वर्षं माझ्या दारात होती, तिला काय दुखतं ते मला ठाऊक होतं. मी दावं त्याच्या हातात दिलं.

भर दुपारी ते निघाले. लीलाबाई उठून मागं तोंड करून बसली. घोडीची मान खाली जायची, वर यायची. दर वेळी ती बाई हात जोडायची.