साहेबाच्या पत्रातला शब्द

पेडगावच्या आश्रुबांचे पत्र मी तीन वर्षे कोशाच्या पानांत ठेवले होते. त्यांचा रंगनाथ एकाहत्तरच्या लढाईत गेला. माझाच विद्यार्थी. त्याच्या साहेबाने इंग्रजीत सांत्वनाचे पत्र पाठवले. बाकीचे ग्रामसेवकाने सांगितले, एका वाक्यावर तो अडला. रंगनाथ सगळ्यांशी 'मक इन' करी, असे काहीसे होते. आश्रुबांनी ते वाक्य उतरवून घेऊन माझ्याकडे पाठवले. खाली लिहवून घेतले होते, "म्हंजी माझ्या लेकानं काय केलं, गुरुजी?"

माझ्या कोशात नुसता 'मक' होता. अर्थ, शेणखत. लढाईत गेलेल्या मुलाच्या बापाला हे कसे कळवू? आणि तीस वर्षे इंग्रजी शिकवून, ठाऊक नाही असे लिहायचीही लाज वाटली.

काल परभणीच्या एसटी स्टँडवर आश्रुबांचा धाकटा भाऊ चंद्रभान भेटला.

"जयभीम गुरुजी. इंग्रजी लय महाग झाली म्हनं?"

मी हसण्याचा प्रयत्न केला. "आश्रुबा कसे आहेत?"

"दादा गेला की पोळ्याला. पोस्टमन दिसला की उठून बसायचा. वैनी अजून इचारायलीय, मास्तरचं काय आलं का."

"सरजाबाई?"

"हां. वाईट असलं तरी सांगा म्हनती. आमाला वाईटाची सवय हाय."

गाडी लागली, तो चढला.

वाईट नव्हतेच. कृषी विद्यापीठातल्या मोठ्या कोशात मला अर्थ वर्षापूर्वीच सापडला होता. बोलीतले क्रियापद. सगळ्यांत मिसळून पडेल ते काम करणे, असेल ते वाटून खाणे. कळवायला एक कार्ड पुरले असते. पण रंगनाथ शिकवणीला यायचा तेव्हा ओसरीच्या खाली बसायचा. तहान लागली की मी तांब्या उंच धरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचो. तो अर्थ माझ्या हातून लिहवेना.

आज सकाळी लिहिला.

"सरजाबाई, तुमचा रंगनाथ पलटणीत सगळ्यांच्या बरोबरीने राबला, त्यांच्या पंगतीत जेवला. साहेबाने हेच लिहिले आहे. माझ्या घरी मात्र मी त्याला वरून पाणी पाजले."

त्यांना वाचता येत नाही. चंद्रभानच मोठ्याने वाचणार, चार माणसांत. शेवटचे वाक्य खोडायला दोनदा पेन टेकवला. मग तसाच पोस्टापर्यंत चालत गेलो. कार्ड पेटीच्या फटीत अडकले. बोटाने आत लोटले.