शिलाई मशीनचं तेल

म्हाताऱ्याचा ट्रॅक्टर सुरू करायला दोन माणसं लागत. चावी फिरवली की इंजिनाला पहिला झटका देणारा सेल्फ नुसता 'कट्' करून गप्प बसायचा. मग एकाने चावी धरून ठेवायची, दुसऱ्याने खाली वाकून सेल्फवर हातोडीच्या दांड्याने दोन ठोके द्यायचे, की स्वारी खोकत खोकत जागी व्हायची. ठोक्यांना म्हातारा, चावीला म्हातारी. हातातलं काम टाकून ती सीटवर चढायची आणि न चुकता बोलणी खायची. तुझा हातच जड, चावी अशी पिरगळतात होय, मोडशील एक दिवस! तीही काही मुकाट ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. पण उत्तर द्यायची ते घराकडे परत जाताना, इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

थंडी सरता सरता म्हातारी गेली आणि ट्रॅक्टर शेडमध्ये उभा तो उभाच राहिला. म्हाताऱ्याने चावीला दोरी बांधून पाहिली, काठी लावून पाहिली. एकट्याचा हात काही दोन्हीकडे पुरेना. शहरातून आलेल्या लेकीने हा खटाटोप पाहिला आणि सरळ सांगून टाकलं: ट्रॅक्टर एकट्याने चालू होत असेल तर राहा इथे, नाहीतर तो विकून माझ्याकडे चला, शेत पडीक टाकून भिंतीकडे बघत बसलेलं मला चालायचं नाही. लेक आईवर गेली होती, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. घर सोडायच्या नुसत्या विचाराने म्हाताऱ्याचं धाबं दणाणलं. इतकी वर्षं ज्याला फुकटचा खर्च म्हणून टाळलं, त्या मिस्त्रीला त्याने स्वतःहून बोलावणं धाडलं.

मिस्त्रीने आधी बॅटरी पाहिली, तारा घट्ट केल्या आणि शेवटी सेल्फ उतरवून फळीवर ठेवला. त्याच्या पुढच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं. ते दांड्यावर पुढे सरकतं, तेव्हा कुठे इंजिन फिरतं. ते जागचं हलत नव्हतं. दांड्यावर काळा, चिकट थर बसला होता.

"काका, इथे तेल कोण घालतं?" मिस्त्रीने विचारलं. "ही जागा कोरडी ठेवायची असते. तेल पडलं की धूळ धरते आणि चाक अडकतं." त्याने बोट नाकाशी नेलं. "आणि हे तर शिलाई मशीनचं तेल."

म्हाताऱ्याला म्हातारीचं मशीन आठवलं. नजर अधू झाल्यापासून म्हातारीने मशीन झाकून ठेवलं होतं. तरी तो बाजाराला निघाला की ती मशीनच्या तेलाची कुपी आणायला सांगायची. तेल मशीनला घालतेस की स्वतःच पितेस, म्हणून तो तिची टर उडवायचा, आणि ती हसून विषय बदलायची. चावी फिरवताच सेल्फ सुटावा, बोलणी टळावीत म्हणून ती त्याच्या माघारी सेल्फच्या फटीत तेल सोडत होती. तेलाने चाक अडकायचं, अडकलं की तो बोलायचा, आणि बोलला की ती पुन्हा कुपी घेऊन शेडमध्ये यायची. एवढी वर्षं त्याने सेल्फ एकदाही उघडून पाहिला नव्हता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मीच घातलं," तो म्हणाला.

मिस्त्रीने मग त्याला चांगलंच फैलावर घेतलं. एवढं वय झालं, यंत्रातलं कळत नाही तर हात कशाला लावायचा वगैरे. म्हातारा मान खाली घालून ऐकत राहिला. तिच्या वाट्याची निदान एवढी बोलणी तरी आपण खावीत, असं त्याला वाटलं.

मिस्त्रीने दांडा पेट्रोलने धुतला, कोरडा पुसला, सेल्फ परत बसवला आणि बाजूला झाला. लेक दारात हाताची घडी घालून उभी होती. म्हातारा सीटवर चढला. चावी पुरती फिरायच्या आत इंजिन धडधडू लागलं. ठोका नाही, खोकणं नाही.

लेकीचा चेहरा एकदम निवळला. "झालं बाबा!" ती आवाज चढवून म्हणाली. "राहा आता खुशाल. चावीला कुणी नको."

म्हाताऱ्याने स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग त्याने इंजिन बंद केलं. शेडमध्ये सगळं शांत झाल्यावर तो घराकडे तोंड करून, स्पष्ट ऐकू जाईल असं बोलला.

"अगं, तुझा हात जड नव्हता."

मिस्त्री खाली बघत आपले पाने-पक्कड गोळा करू लागला. म्हातारा सीटवर तसाच थांबला, उत्तर यायचं असल्यासारखा.