माझ्यावर कोण बसणार?

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. बाकाला कुठलं आलंय डोकं, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या पाठीवर बसून माणसं वर्षानुवर्षं एकाच प्रश्नावर भांडतात, त्या बिचाऱ्याचं काय होतं ते बसणाऱ्याला कळत नाही. म्हणून आज मीच बोलायचं ठरवलं आहे.

माझा जन्म फणसाच्या लाकडातून झाला. फणस गगनबावड्याकडचा आणि सुतार कळंब्याचा. त्याने मला चांगलं लांबरुंद केलं, चार पाय पक्के ठोकले आणि कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या वाचनालयाबाहेर आणून ठेवलं. तिथे मी सुखात होतो. मुलं माझ्यावर बसून परीक्षेची काळजी करायची, मी गप्प ऐकायचो. एकदा फुटबॉलचा सामना होता आणि राखीव खेळाडूंना बसायला काही नव्हतं. चार मुलांनी मला उचलून मैदानाच्या कडेला, पिंपरणीच्या झाडाखाली नेलं. परत आणायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून मी तिथेच आहे.

सुरुवातीची वर्षं फार छान गेली. आमच्या कॉलेजचा संघ तेव्हा जोरात होता. सामना जिंकला की पोरं माझ्यावर उभी राहून नाचायची. माझ्या भेगांतून अजून गुलाल निघतो. "ह्यो बाक लई लकी हाय," असं कुणीतरी म्हणालं आणि मैदानात उतरताना प्रत्येक जण मला हात लावून जाऊ लागला. खरं सांगतो, मला तेव्हा थोडा गर्वही झाला होता.

मग ती चांगली पोरं एकदमच पदवी घेऊन बाहेर पडली. एक इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला लागला, एकाने गॅरेज काढलं, बाकीचे कुठे कुठे पांगले. मागे राहिला नवखा संघ, आणि त्याला उभं करायला आले गुरुप्रसाद सर. त्याच पावसाळ्यात माझा मागचा एक पाय कुजून मोडला. सरांनी त्याखाली वीट लावली आणि म्हणाले, "दोन दिवसांत पाय बसवून घेऊ." काही जण म्हणाले, पाय कशाला, प्लास्टिकच्या खुर्च्या आणा. सर त्यांनाही "व्हय व्हय" म्हणाले. आजही मी विटेवर उभा आहे.

यावरून तुम्हाला सरांचा स्वभाव कळला असेल. माणूस मनाने फार चांगला. स्वतः उत्तम खेळलेला, पोरांवर जीव टाकणारा. पण कुणाच्या तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

सरांच्या खेळात मैदानाच्या मधोमध एकच गडी असायचा. सगळा चेंडू त्याच्याकडे यायचा आणि पुढे कुणाला द्यायचा ते त्याने ठरवायचं. दहा नंबरचा शर्ट त्याचा. आणि या एका जागेसाठी आमच्याकडे दोघे होते. एकदा दोघांना एकत्र खेळवून पाहिलं, तर दोघे एकाच चेंडूवर धावले आणि एकमेकांवर आपटले.

पहिला अभिराम. दुसऱ्या वर्षाला होता, शहरातल्या एका पेठेत वाढलेला. आमच्याकडे पेठेची तालीम असते आणि तालमीचा स्वतःचा फुटबॉल संघ असतो. त्या तालमीसाठी माणसं जेवण विसरतात. अभिरामचे काका अंबादास हे त्यांच्या तालमीतलं मोठं प्रस्थ. अभिराम धावायचा जीव तोडून, आणि हार त्याला सोसायची नाही.

दुसरा शिवांश. हा गडहिंग्लजचा, शेवटच्या वर्षाला. घरचं किराण्याचं दुकान. माझ्यावर बसून आजीशी फोनवर कन्नडमध्ये बोलायचा आणि तिला "अज्जी" म्हणायचा. त्याला पेठ नव्हती, पण त्या हंगामात दुसऱ्या एका तालमीने त्याला आपल्या संघात घेतलं आणि तोही आपोआप एका पेठेचा झाला.

मी बाक असलो तरी सगळं आयुष्य मैदानाकडे तोंड करून काढलं आहे. मला विचाराल तर शिवांश उजवा होता. आणि ही गोष्ट अभिरामलाही माहीत होती. एका संध्याकाळी दोघे बूट सोडत माझ्यावर बसले होते.

"तुला कसं कळतं रं, कोण कुठं उभारलाय ते?" अभिरामने विचारलं.

"बॉल यायच्या आधी एकदा बगून घ्यायचं. आल्यावर बगून काय उपयोग?"

"मी बगतो की. पण बॉल आला की इसरतो."

दोघेही हसले. मग शिवांश म्हणाला, "औंदा विद्यापीठाचा संघ निवडायला माणसं येणार हायत. त्यात घेतलं तर बाबा अजून खेळू देतील. न्हाय घेतलं तर दुकान."

अभिराम बुटाची नाडी सोडत राहिला.

ही दोघं पोरं समजुतीची होती हो. पण वाद घालत होते ते बाकीचे सगळे. रोज सरावाच्या वेळी दोन्ही तालमींची माणसं यायची, माझी दोन टोकं वाटून घ्यायची आणि सुरू व्हायची. "आमचा पोरगा शहरातला, मैदान त्याच्या पायाखालचं हाय." "तुमचा पोरगा नुसता पळतोय, बॉल कुठं देतोय?" "बाहेरच्याला घेऊन जिंकायचं व्हय?" कुणाचा खेळ कसा आहे, हे पाहायला त्यातल्या एकाचीही मान मैदानाकडे वळत नव्हती. माझी पाठ अवघडून जायची. वाटायचं, ही वीट काढावी आणि सगळ्यांना एकदाच खाली सांडावं.

सर्वांचं म्हणणं सर ऐकायचे आणि मान हलवायचे.

मग एके दिवशी अंबादास काका सरांच्या शेजारी बसून म्हणाले, "सर, रविवारी घरी जेवायला या की. मटण करतोय."

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. असं बोलावणं मोडता येत नाही. सर गेले. ताट समोर आलं, तांबडा रस्सा झाला, पांढऱ्याच्या वाट्या झाल्या, आणि तिसऱ्या वाटीला अंबादास काकांनी विचारलं, पोरगा खेळणार न्हवं? सर म्हणाले, "खेळणार की." हे मला कसं कळलं? दुसऱ्याच दिवशी काका माझ्यावर मांडी ठोकून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते.

ते दुसऱ्या तालमीच्या कारभाऱ्यांच्या कानावर गेलं. त्यांनी पुढच्या रविवारी सरांना बोलावलं. एकाकडे जेवलं आणि दुसऱ्याला नको म्हटलं तर अपमान होतो. सर तिकडेही गेले. शिवांशलाही बोलावलं होतं. तो मटण खात नाही, म्हणून त्याला भाकरी आणि पिठलं. तिथेही तोच प्रश्न झाला आणि सरांनी तेच उत्तर दिलं. शिवांशने ते स्वतःच्या कानाने ऐकलं आणि त्या रात्री माझ्यावर बसून घरी फोनवर सांगितलं की आपण खेळणार.

असं दोन घरी जेवून सरांनी एकच शर्ट दोघांना देऊन टाकला.

सामन्याचा दिवस उजाडला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची पहिली फेरी, आमच्याच मैदानावर. दहा नंबरचा शर्ट घडी करून माझ्या मधोमध ठेवला होता. एका बाजूला अभिराम येऊन बसला, दुसऱ्या बाजूला शिवांश. दोघांनी बूट घातले. दोघांनी शर्टाकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं आणि काय झालं आहे ते दोघांच्याही ध्यानात आलं.

सर आले. त्यांना घाम फुटला होता. म्हणाले, "आसं करू. पहिला हाफ शिवांश, दुसरा हाफ अभिराम. दोघांचाबी मान राहील."

"सर, एकालाच खेळवा," अभिराम हळूच म्हणाला. "बगा तुमी कुणाला ते."

"आरं बाबा, दोन्ही घरचं जेवलोय मी."

मित्रांनो, त्या क्षणी मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. मान राहावा म्हणून खेळाचे दोन तुकडे केले. सामना म्हणजे काय लग्नातला आहेर आहे, दोन्हीकडे सारखा द्यायला?

पहिल्या हाफला शिवांश उतरला. सुरुवातीला संघातली अभिरामच्या तालमीची पोरं त्याला चेंडू देईनात. पण तो त्यांनाच अशा सुरेख जागी चेंडू काढून देऊ लागला की हळूहळू त्यांचाही रुसवा गेला. हाफ संपायच्या आधी त्याच्या पासवर आम्ही एक गोल केला. खूप वर्षांनी माझ्यावर बसलेली पोरं उठून उभी राहिली.

निवड करणारी माणसं मात्र अजून आली नव्हती. ती दुसऱ्या मैदानावरच्या सामन्याला आधी गेली होती.

मधल्या सुट्टीत शिवांश पाणी पीत उभा होता. अभिराम सरांकडे गेला. "सर, त्यालाच ठेवा. माज्यासाठी काढू नका."

सरांनी मैदानाच्या कडेला पाहिलं. तिथे अंबादास काका हाताची घडी घालून उभे होते. सरांनी मान खाली घातली आणि शिवांशला म्हणाले, "शर्ट दे."

शिवांशने शर्ट काढून दिला. अभिरामने तो ओलाच्या ओला अंगात घातला. शिवांश माझ्यावर येऊन बसला, विटेच्या बाजूला. आणि तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली. निवड करणारे उतरले आणि समोरच्या खुर्च्यांवर बसले. शिवांशने त्यांना पाहिलं. त्याने सुटलेल्या नाड्या पुन्हा आवळून बांधल्या.

अभिराम धावला, पडला, पुन्हा उठून धावला. पण चेंडू आल्यावर तो पाहायचा आणि तोवर उशीर झालेला असायचा. आम्ही दोन गोल खाल्ले आणि हरलो. निवडणारे पाणीही न पिता निघून गेले. विद्यापीठाच्या संघात आमचं कुणीच गेलं नाही.

पुढे महिनोन्महिने दोन्ही तालमींची माणसं माझ्यावर बसून भांडली. शिवांशला काढला म्हणून हरलो, असं एका टोकाला. पहिल्यापासून अभिराम पाहिजे होता, असं दुसऱ्या टोकाला. शिवांश मात्र परीक्षा देऊन गडहिंग्लजला गेला. जायच्या आधी अभिरामला भेटायला मैदानावर आला होता.

"दुकानातबी मधीच उभारायचं हाय," तो हसून म्हणाला. "मागंल त्याला काढून द्यायचं."

अभिरामला हसू आलं नाही. मलाही नाही.

आता हे वर्ष. अभिराम शेवटच्या वर्षाला आला. दहा नंबरचा शर्ट आता आपलाच, असं त्याला वाटत होतं आणि अंबादास काकांना तर वाटतच होतं. पण पहिल्या वर्षाला कृष्णात नावाचा एक मुलगा आला. पहिल्याच सरावाला मी पाहिलं, चेंडू यायच्या आधी त्याची मान वळत होती. झालं. पुन्हा माझी दोन टोकं वाटली गेली, पुन्हा तीच कटकट. आणि एका संध्याकाळी काका येऊन माझ्या एका टोकाला बसले. अभिराम दुसऱ्या टोकाला, विटेच्या बाजूला होता. "सर, रविवारी जेवायला या की."

सर उभे होते. गेल्या वर्षी शिवांश जिथे बसला होता त्या विटेच्या टोकाकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "येतो की. पण खेळवायचं कुणाला ते आत्ताच सांगतो, मग बोलवा. कृष्णात खेळणार हाय. अभिराम, तू बसायचंस. तो तुज्यापेक्षा बरा खेळतोय."

काका ताडकन उठले आणि जेवणाचं नाव न काढता चालते झाले. ते एका टोकावरून उठले आणि अभिरामचा सगळा भार दुसऱ्या टोकाला, मोडक्या पायावर आला. वीट सरकली. मी कलंडलो आणि अभिराम मातीत पडला. कुणी हसलं नाही.

अभिराम तसाच बसून राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याने सरांकडे पाहिलं.

"सर, हे गेल्या वर्षी म्हणला असता तर?"

 सरांनी वाकून वीट उचलली आणि ती हातात धरून नुसते उभे राहिले.

काल सामना होता. पुन्हा त्याच विटेवर टेकवलेल्या माझ्यावर अभिराम बसला, पूर्ण वेळ बसला. मध्येच उठून तो कृष्णातला ओरडून सांगायचा, "आधी बग! यायच्या आधी बग!" ते शब्द कुणाचे होते ते मला आणि त्याला ठाऊक होतं. आम्ही जिंकलो. गडहिंग्लजला एका दुकानात त्या वेळी कुणीतरी साखर तोलून देत असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

मित्रांनो, माझ्यावर बसणं यात कमीपणा नाही. माझ्यावर फार गुणी पोरं बसून गेली आहेत. पण ज्याला बसवायचं असेल त्याला ते वेळेवर आणि तोंडावर सांगा, मग तुम्ही कुणाच्याही घरी जेवलेले असा. आणि तो बसणार असेल, तर त्याच्यासाठी बाकाचा पाय तरी धड बसवून घ्या.