कडक इस्त्रीची पावती

मी पावती बोलतेय. टॅक्सीची. दचकू नका, मी काळी असले तरी खोटी नाही. मला पालथी करून बघा, पाठ अजून पांढरी आहे आणि तिच्यावर रेल्वेचा निळा शिक्का आहे. तो कसा मिळवला हे सांगायला मी केव्हाची उतावीळ झालेय.

टॅक्सीतल्या छोट्या यंत्रातून मी टर्रर्र करत जन्मले. टॅक्सीवाल्याने मला फाडलं आणि मागे बसलेल्या बाईंच्या हातात दिलं. आमच्यातल्या बहुतेक जणी गाडीतून उतरता उतरताच चुरगळून फेकल्या जातात. आमच्यावर काय लिहिलंय ते माणसं वाचतसुद्धा नाहीत. मला मात्र त्या बाईंनी मुठीत असं धरलं की माझा जीव गुदमरला. तेव्हाच मी ओळखलं, आपण कुणी साधीसुधी पावती नाही.

या माझ्या मालकीणबाई. त्यांची आणि मालकांची छोटी लाँड्री आहे. शेजारच्या शहरातल्या नाटकमंडळींचे कपडे धुऊन, खळ घालून, इस्त्री करून मालकीणबाई रेल्वेने पोचवायला जातात. त्या दिवशी पुढे रुळावर झाड पडलं आणि गाडी मधल्याच स्टेशनवर अडकली. संध्याकाळी नाटक, आणि राजाराणीचे कपडे यांच्या मांडीवर! गार्ड फलाटावर फिरून सांगत होता, "गाडी पुढे जाणार नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी टॅक्सी करा. जादा खर्च रेल्वे भरून देईल, पण पावती जपून ठेवा." हा प्रसंग माझ्या जन्माआधीचा. पण मालकीणबाईंनी तो घरी इतक्या वेळा सांगितला की मला पाठ झालाय.

पर्समध्ये पैसे होते, पण ते दुसऱ्याच कामाचे. त्यांची एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात असते. तिचे दिवस भरत आले होते. तिच्याकडे जायची दोन तिकिटं त्या परतताना काढणार होत्या. त्यातले बरेचसे टॅक्सीने गिळले. आता रेल्वेने परत दिले तर दोघं जाणार, नाहीतर उरलेल्यात एकच तिकीट निघणार. म्हणजे बघा, त्या दोघांचं जाणं माझ्यावर अडलं होतं.

घरी आल्यावर मालकीणबाईंनी मला मालकांच्या हातात दिलं. "ही जपून ठेवा," त्या म्हणाल्या आणि आंघोळीला गेल्या.

आता मालकांचा स्वभाव सांगते. माणूस देवासारखा, पण सुरकुती दिसली की त्यांना चैन पडत नाही. गिऱ्हाईक पैसे द्यायला उभं असताना ते त्याच्याच शर्टाची कॉलर ओढून सरळ करतात. नातवंडासाठी आणलेल्या झबल्यांना त्यांनी कितीदा इस्त्री केली याला गणती नाही. झालं की घडी करायचे, पुन्हा उलगडायचे, पुन्हा करायचे. आणि मी तर मुठीत राहून पार बोळा झालेली. त्यांनी मला टेबलावर पसरलं, वरून हात फिरवून पाहिला, मान हलवली. मग वाफेची मोठी इस्त्री उचलली.

अहो, मी किती ओरडले! पण आमचं कोण ऐकतं?

माझ्यावर शाई नसते हो. माझा कागदच असा, की चटका बसला की काळा पडतो. यंत्र नेमके चटके देतं म्हणून अक्षरं उमटतात. मालकांनी मला सगळीकडूनच चटका दिला. कागद सरकला तर फाटेल म्हणून इस्त्री न फिरवता नुसती दाबली आणि हळूच उचलली. मी इतकी सपाट कधीच नव्हते. आणि इतकी काळीही.

मालकीणबाई केस पुसत बाहेर आल्या.

"हे काय केलंत?"

"इस्त्री," मालक म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कागदाला?"

"सुरकुत्या होत्या गं. तू म्हणालीस जपून ठेवा."

मालकीणबाई कपड्यांच्या गाठोड्यावर मटकन बसल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मालक इस्त्रीची वायर काढत म्हणाले, "तू जा पोरीकडे. आईच हवी असते अशा वेळी. मी दुकान बघतो."

"ती झबली कोण घेऊन जाणार मग?"

"तू ने की."

"मी नाही नेणार," मालकीणबाई म्हणाल्या. "तुमची तुम्ही न्यायची." आणि त्यांना एकदम रडू आलं. मलाही आलं असतं, पण ओल आम्हाला सोसत नाही.

डोळे पुसून त्यांनी मला उचलून उजेडात धरलं. तेव्हा गंमत दिसली. इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं असतात ना, त्या जागी चटका बसलाच नव्हता. माझ्यावर पांढरे ठिपके उरले होते, आणि एका ठिपक्यात टॅक्सीच्या नंबरचे शेवटचे आकडे स्पष्ट वाचता येत होते. बाई ताडकन उठल्या. मी तर आनंदाने गुंडाळूनच गेले!

नाटकाचे मळके कपडे आणायला त्यांना पुन्हा जायचंच होतं. वाटेत त्या मधल्या स्टेशनवर उतरल्या आणि टॅक्सीस्टँडवर एकेका गाडीची पाटी बघत निघाल्या. शेवटच्या टॅक्सीपाशी थांबल्या. तोच तो, माझा जन्मदाता, सीट मागे करून वर्तमानपत्र वाचत होता.

"ही कुणी भाजली?" त्याने मला बघून विचारलं.

"आमच्या ह्यांनी."

"रागाने?"

"मायेने," बाई म्हणाल्या.

तो खो खो हसला. यंत्राची बटणं दाबली आणि माझी एक गोरीगोमटी नक्कल बाहेर आली. खोटं कशाला बोलू, मला तिचा जरा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी दोघंही रेल्वेच्या कचेरीत. मालकांच्या खांद्याला एक जड पिशवी होती. खिडकीतल्या चष्मेवाल्याने नक्कल बघितली आणि परत सरकवली. "नक्कल चालत नाही. अस्सल लागते."

मालकीणबाईंनी मला पुढे ठेवलं.

"हे काय आहे?"

"अस्सल."

त्याने मला चिमटीत धरून आतल्या साहेबीणबाईंना हाक मारली. साहेबीणबाई आल्या. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं. "धुतलेल्या पावत्या आल्या, कुत्र्याने चावलेल्या आल्या," त्या म्हणाल्या. "पण ही कुणी मुद्दाम जाळलेली वाटते. रक्कम लपवायला."

मला असा संताप आला म्हणता! मी आणि लबाड?

मालक घरात फारसं बोलत नाहीत, बाहेर तर त्यांच्या तोंडाला कुलूपच. पण ते पुढे झाले. पिशवीत हात घालून त्यांनी इस्त्री काढली, वायर गुंडाळलेली, आणि खिडकीच्या फळीवर ठेवली.

"मी लाँड्रीवाला आहे," ते म्हणाले. "ही माझी इस्त्री. लावून बघा."

साहेबीणबाईंनी ती थंडगार इस्त्री आडवी केली, तिच्या तळाला मला लावलं. एकेक पांढरा ठिपका एकेका भोकावर बरोबर बसला. एकही चुकला नाही! मग त्यांनी माझे उरलेले आकडे नकलेशी ताडून बघितले. रांगेतली माणसं पुढे येऊन वाकून बघू लागली. चष्मेवाला चष्मा पुसत हसत होता.

"पावतीला इस्त्री का केलीत?" साहेबीणबाईंनी विचारलं.

"जपायची होती," मालक म्हणाले.

त्यांनी शिक्का उचलला. काळ्यावर शिक्का उमटेना, म्हणून मला पालथी करून पाठीवर ठोकला. धप्प! आयुष्यात एवढा सुखाचा दणका मला कधी बसला नव्हता. नक्कल त्यांनी फाइलला लावली आणि मला मालकीणबाईंना परत दिलं.

पैसे आले. दोन तिकिटं निघाली. मला पर्सच्या आतल्या कप्प्यात जागा मिळाली.

एक विनंती करते. आम्हाला लगेच फेकू नका. कुणाचं जाणं-येणं आमच्यावर अडलेलं असतं, ते तुम्हाला आधी कळत नाही. आणि हात जोडते, आम्हाला सपाट करायला जाऊ नका. आहोत तशा राहू द्या.

आत्ता आम्ही दवाखान्यात आहोत. आम्ही पोचायच्या आधीच नात आली! सिस्टर दारात आडव्या उभ्या राहून म्हणाल्या, "एका वेळी एकच."

मला वाटलं, आता बाई भांडणार. एवढा आटापिटा दोघांनी मिळून यावं म्हणून, आणि दारात हे! पण बाईंनी झबल्यांची पिशवी मालकांच्या हातात दिली आणि त्यांना पाठीवर हात ठेवून पुढे सरकवलं. "तुम्ही जा आधी."

मालक आत गेले. बाई बंद दाराशी उभ्या आहेत, पर्स छातीशी धरून. माझ्या कप्प्यातून त्यांचे ठोके ऐकू येताहेत.

थांबा. दाराच्या काचेपलीकडे मालक आलेत. हातात दुपट्यात काहीतरी आहे, आणि ते काचेशी उंच धरताहेत, बाहेरच्या आजीला दिसावं म्हणून.

बरं, आता मी गप्प बसते. पर्स उघडी आहे, आणि मलाही बघायचंय.