पाण्यावर न बसलेली बोट

माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ नौदलात एकाच कामावर होते. समुद्राच्या पोटात लपलेली पाणबुडी शोधायची, यात एवढं मिरवण्यासारखं काय ते मला कधी कळलं नाही. पण जेवायला बसले की दोघांच्या तोंडी दुसरा विषय नसे. नवरा हायड्रोफॉइलचा कप्तान. या बोटीला खाली पंख असतात. वेग घेतला की अख्खी बोट पाण्याबाहेर उचलली जाते आणि सुसाट सुटते. मात्र धावताना ती ठार बहिरी. ऐकायचं तर इंजिन बंद करून पाण्यावर बसावं लागतं. म्हणून तिच्या जोडीला हेलिकॉप्टर दिलं होतं. ते हवेत एका जागी थांबून तारेनं सोनार, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र, पाण्यात सोडायचं, आणि त्यातून खालची चाहूल घेणारा माणूस म्हणजे आमचा धाकट्या.

"दाजी धावणार, मी ऐकणार," तो म्हणायचा. "घरी ताई बोलणार, दाजी ऐकणार." मेल्याला माझ्याच हातचं जेवता जेवता माझीच टिंगल सुचायची.

एके दिवशी आपल्याच एका पाणबुडीला शोधायचा सराव होता, त्यात हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं. ते पाण्यात पडलं, कलंडलं आणि बुडालं. वैमानिक बाहेर फेकले गेले, त्यांना जवळच्या एका लहान बोटीनं उचललं. मागे बसलेला धाकट्या सापडेना. नवरा वाऱ्यासारखा तिथे पोचला, घिरट्या घालत राहिला, मग प्रवाह वाहून नेईल त्या दिशेला लांबवर शोधत गेला. धाकट्या दुसऱ्या दिवशी वर आला, हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून काढलेला.

चौकशीत नवऱ्याचा काही दोष निघाला नाही. पण माणूस अर्धा झाला. पायात बूट घालून पलंगाच्या कडेला तासन् तास बसायचा, ताट पुढे ठेवलं तरी हात लावायचा नाही. मला त्याचा राग येत होता. एवढा जिवाच्या आकांतानं धावला आणि रिकाम्या हातानं आला, याचा राग. तो मी गिळला. भाऊ तर गेलाच होता; नवरा तरी उरतो की नाही, याची मला धास्ती होती.

अशात एका सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. सरावात ज्या पाणबुडीला आमचे हे दोघं शोधत होते, तिच्यावरचा सोनारवाला. आत येईना. दारातच सांगायला लागला. हेलिकॉप्टर बुडालं तेव्हा आत थोडी हवा कोंडून राहिली होती. धाकट्या जिवंत होता, पत्र्यावर ठोकत होता. पाणबुडीत ते स्वच्छ ऐकू येत होतं. पण वर येण्याची सोय नव्हती, डोक्यावर बोट भरधाव फिरत होती. पाण्यातून आवाज पोचवणाऱ्या फोनवरून पाणबुडीवाल्यांनी बोटीला हाका मारल्या. धावती बोट ऐकणार कशी? क्षणभर पाण्यावर बसली असती तर हाकाही ऐकू आल्या असत्या आणि ठोकेही.

ठोके थांबले कधी, मी विचारलं.

"बोट वर होती तोवर ठोकत होता, वहिनी. बोट लांब गेली, मग थांबला."

त्या इंजिनाचा आवाज धाकट्यानं झोपेतही ओळखला असता. दाजी आले, हे त्याला कळलं होतं. आत जाऊन नवऱ्याला गदागदा हलवावं, एकदा तरी पाण्यावर का बसला नाहीत म्हणून विचारावं, असं वाटलं. तेवढ्यात आतून त्याचा खोकला ऐकू आला.

मी त्या माणसाला दटावलं, आत यातला एक शब्द काढायचा नाही. तो म्हणाला, मनावर ओझं झालंय. म्हटलं, ते उतरवायला तुम्हाला माझंच घर सापडलं का?

शेवटी आत येऊन त्यानं माझ्या नवऱ्याला सांगितलं, आम्हाला खाली काहीच ऐकू आलं नाही, लगेच गेला असावा. नवऱ्यानं मान हलवली. मला चहा ठेवायला सांगितला, त्याच्या मुलांची चौकशी केली आणि त्याला दारापर्यंत सोडून आला.

मी कप उचलत होते.

"पाणबुडीत बसलेल्याला काही ऐकू आलं नाही, असं होत नाही गं," तो म्हणाला. "ठोकत होता ना?"

मला कधी शब्द कमी पडत नाहीत. त्या दिवशी एकच निघाला.

"हो."

"मी होतो तोवर?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तोंड उघडण्याआधीच त्याला माझ्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तो फरशीवर कोसळला. मला त्याचा भयंकर संताप आला होता. तरी मी खाली बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. धाकट्यासाठी माझ्याइतकं रडणारं जगात तेवढंच एक माणूस होतं.